कागदावर बाबा दोनदा बरे झाले (चंद्रपूर, धूळ आणि दवाखाना)

काळी_कपाशी

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अंगाला. कापूस, तूर, थोडं सोयाबीन. गावाच्या एका बाजूला उघडी कोळसा खाण आणि तिच्यातून उपसलेल्या मातीचे डोंगर. त्याला सगळे 'ओबी' म्हणतात, पोरंसुद्धा. दुसऱ्या बाजूला कोळशाच्या गाड्यांचा रस्ता. कापूस फुटला की दोन दिवसांत राखाडी दिसायला लागतो. आई बोंडातून कापूस काढला की आधी झटकते, मग ओटीत टाकते. तरी जिनिंगवर गाडी लागली की व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊन म्हणतो, "खाणीकडचा माल दिसते," आणि भाव पाडतो. त्याला एका नजरेत कळतं.

बाबांच्या छातीतली धूळ ओळखायला मात्र सहा वर्षं लागली.

पहिल्यांदा खोकला आणि धाप लागली तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. बेडका तपासला, काही निघालं नाही. औषध घेऊन परत. वजन उतरत गेलं तसं ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे एक्स-रेचं मशीन आहे, त्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं. चालवणारा माणूस आठवड्यातून दोन दिवस दुसरीकडून येतो आणि आम्ही गेलो तो दिवस त्या दोनांतला नव्हता. आमच्या बसभाड्यापेक्षा त्या दिवशीची बाबांची मजुरी मोठी, म्हणून दुसरी खेप पंधरा दिवसांनी झाली. फोटोत डाग दिसले. टीबी. सहा महिने गोळ्या. जरा बरं वाटलं, कार्डावर 'उपचार पूर्ण'. दीड वर्षाने पुन्हा तेच: बेडक्यात काही नाही, फोटोत डाग, पुन्हा सहा महिने, पुन्हा 'उपचार पूर्ण'.

मागच्या पावसाळ्यात मी त्यांना नागपूरला आणलं. छातीच्या डॉक्टरांनी सीटी बघितला आणि फाइल बाजूला सारून विचारलं, "काका, शेतीच्या आधी काय काम करायचे?" बाबा म्हणाले, शेती आधीही होती, पण मधली सात वर्षं उन्हाळ्यात ठेकेदाराकडे ड्रिलवर जायचो. दगडात भोकं पाडायचं काम. तोंडाला दुपट्टा बांधून.

सिलिकोसिस. दगडाच्या बारीक धुळीने फुप्फुस कडक होत जातं. बरं होत नाही, जपून राहायचं एवढंच. शिवाय अशा फुप्फुसाला टीबी लवकर धरतो, म्हणजे मधला एखादा टीबी खराही असेल. ते आता कोणी सांगू शकत नाही.

सहा वर्षांत बाबांना किमान दहा जणांनी तपासलं असेल. विडी ओढता का, दारू घेता का, हे दहाही जणांनी विचारलं. काम काय करता, हे अकराव्याने. कागदावर आमचे बाबा दोनदा बरे झालेले टीबीचे रुग्ण आहेत. धुळीच्या खात्यावर त्यांची नोंद शून्य. गावात असे अजून किती असतील?

कुणाला दोष द्यायला धागा काढलेला नाही (काढला असता तर नावं घेतली असती). विचारायचं एवढंच की ही नोंद करायची कुठे?

उगाचच

वाईट वाटलं वाचून, वडिलांना आराम पडो. पण एक शंका, राग मानू नका. खेड्यातला प्रत्येक दमा खाणीच्या माथी मारता येत नाही. चुलीचा धूर? विडी? तंबाखू-सुपारीचा खर्रा? आमच्या मावशीबाई सातारकडच्या. तिकडे कोळशाची खाण नाही, कोळशाचं वीजकेंद्र नाही, तरी पन्नाशीत धाप. आयुष्यभर तुराट्या फुंकल्या.

काळी_कपाशी

उगाचच, राग कसला. चुलीचं खरंच आहे. आईलाही खोकला आहे आणि ती कधी ड्रिलवर गेली नाही. उज्ज्वलाचं सिलिंडर घरात आहे, चहापुरतं. बाबा विडी ओढत नाहीत. खर्रा खातात, त्यावरून आमची भांडणं होतात, पण खर्ऱ्याने तोंड जातं, छातीत अशा गाठी होत नाहीत. तुमची मावशी आणि माझी आई, दोघींची नोंद नाही, हाच माझा मुद्दा आहे. कुणाचं चुलीने आणि कुणाचं धुळीने, हे भांडायलासुद्धा आधी मोजलेलं पाहिजे ना?

सलाईन

डॉक्टर आहे. एमबीबीएसनंतरचं बंधपत्राचं (सक्तीच्या सरकारी सेवेचं) एक वर्ष अशाच भागात काढलं (जिल्हा सांगत नाही). धागा वाचून दोन दिवस लिहू का नको करत होतो, कारण ते जे दहा जण आहेत त्यांतला एक मी असू शकलो असतो.

ओपीडीचं चित्र असं. नियमाने सपाटीवर तीस हजार लोकवस्तीला आणि आदिवासी भागात वीस हजाराला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. दोन डॉक्टरांच्या जागा, त्यांतली एक रिकामी. दुसरा मी. बाजाराच्या दिवशी दीडशे पेशंट. धाप लागलेला माणूस आला की डेरिफायलिनची सुई, जमलं तर वाफ, चार दिवसांच्या गोळ्या. वाफेचं मशीन विजेवर आणि दुपारी वीज नसायची. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. यावर आम्ही हसायचो, दुसरं काय करणार.

रजिस्टरमध्ये रकाने : नाव, वय, स्त्री/पुरुष, गाव, निदान, औषध. व्यवसायाचा रकाना नाही. रकाना नसला की प्रश्नही सुचत नाही, ही माझी कबुली समजा. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाचा डॉक्टर सांगून गेला की पेशंटला विचारायच्या प्रश्नांत 'तू काम काय करतोस' हा एक घाला. पीएसएमच्या (सामाजिक आरोग्य या विषयाच्या) तोंडी परीक्षेत त्याचं नाव सांगून मार्क मिळवले होते. खुर्चीत बसल्यावर विसरलो.

टीबीचं सांगतो. बेडक्यात जंतू नाही, पण फोटो आणि लक्षणं टीबीसारखी, तर टीबी धरून औषध सुरू करता येतं. त्यात चूक नाही, कारण खरा टीबी सुटला तर माणूस जातो आणि घरातल्या चौघांना देऊन जातो. पण टीबीच्या मागे अख्खी यंत्रणा उभी आहे. गोळ्या फुकट, नोंद ऑनलाइन, पोषणाचे पैसे खात्यात (आधी महिना ५००, नोव्हेंबर २०२४ पासून १०००). धुळीच्या आजारामागे काय आहे? एका पेशंटच्या मुलाने मला स्पष्ट विचारलं होतं, "साहेब, टीबीच लिहून द्या ना, निदान हजार रुपये तरी येतील." त्याचं काय चुकलं?

पळसफूल

सलाईन, प्रामाणिक प्रतिसाद. शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला.

अवांतर : काळी_कपाशी, आयडी फार बोलका घेतलात.

हिशेबनीस

थोडे आकडे टाकतो, कारण या प्रश्नाचं उत्तर एका सरकारी गुणपत्रिकेत लपलंय.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर म्हणजे अतिप्रदूषित. चंद्रपूरला ८३.८८, देशात चौथा नंबर. वर फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. २०१० च्या जानेवारीत अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांवर तात्पुरती बंदी आली, पुढे ती उठली. २०१८ च्या यादीत चंद्रपूरचे गुण उतरले, पण ७० च्या खाली नाहीत. हवा सुधारण्याच्या राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ मध्ये जी शहरं घेतली त्यांतही चंद्रपूर आहे. एकट्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, आणि आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के, म्हणजे तीन गाड्या जाळल्या की एक गाडी राख. आजूबाजूला खाणी, सिमेंट, लोखंड हे वेगळंच.

आता मजा बघा. ही गुण द्यायची पद्धत २०१६ मध्ये बदलली. नव्या पद्धतीत १०० पैकी १० गुण लोकांच्या आरोग्यावरच्या परिणामाला. ते कसे द्यायचे? त्या भागातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी घ्यायच्या, हवेतून आणि पाण्यातून होणारे आजार मागच्या पाच वर्षांत किती टक्के वाढले ते बघायचं. वाढले नसतील तर शून्य.

म्हणजे काळी_कपाशी यांचे बाबा दोन्ही वेळा 'टीबी' म्हणून नोंदले गेले, त्यांच्या आई कधी नोंदल्याच गेल्या नाहीत, आणि मोठ्या रुग्णालयापर्यंत न पोहोचलेले बाकी गावकरी तर हिशेबातच नाहीत. दवाखाना जितका कमी, तितकं प्रदूषण कमी दिसणार! एक्स-रे मशीनवरचं ते फुलाफुलांचं कापड काढलं तर चंद्रपूरचे गुण वाढतील.

उगाचच

हे माहीत नव्हतं. मघाचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण अर्धा मागे घेतो.

जुनी_शिफ्ट

३१ वर्षं खाणीत काढली, आता निवृत्त. कोणती खाण ते राहू द्या, पेन्शन खातोय.

कायम कामगाराची तपासणी होते. भरतीच्या वेळी होते, नंतर ठरावीक वर्षांनी होते, खाण कायद्यातच आहे. छातीचा फोटो, कान, डोळे. दवाखाना आहे, रेफर होतो. माझे सगळे फोटो माझ्याकडे आहेत, लग्नाच्या अल्बमपेक्षा जाड झालीय ती पिशवी. कायद्याने ठेकेदाराच्या माणसाचीही व्हायला पाहिजे. पण तो हंगामी. यंदा इथे, पुढच्या वर्षी गिट्टी क्रशरवर, त्याच्या पुढच्या वर्षी वीटभट्टीवर. त्याची पिशवी कोण सांभाळणार? आणि धूळ अंगावर येते तेव्हा हजेरीपत्रक बघत नाही.

पाणी मारायचा टँकर असतो, रस्ता ओला ठेवायला. तपासणीवाले यायचे असले की सकाळपासून रस्ता इतका ओला की डम्पर घसरायचे. एरवी टँकर कुठे असायचा ते त्या टँकरलाच माहीत.

काळी_कपाशी, वडिलांची ठेकेदाराकडची काही चिठ्ठी, पगाराचं पाकीट, गेट पास, काहीही असेल तर फेकू नका. आमच्या काळी पत्र्याचे बिल्ले असायचे. घरात खिळ्याला टांगलेला बिल्लासुद्धा पुरावा होतो.

आशा_लाल_साडी

मी आशा हावो. लिवायची सवय नाई, चुकलं-बिकलं तं समजून घ्या. भाच्यानं हे पान दाखवलं.

तीस वर्षांवरच्या परत्येकाचा एक फॉर्म आमाले भरा लागते. त्याच्यात साखर, बीपी, क्यान्सरचं असते. एका ठिकानी इचारतेत, सैंपाक कायवर करता, लाकूड का ग्यास. मंग इचारतेत, धुरा-धुळीच्या कामावर जाता का, वीटभट्टी, काचेचा कारखाना असं. काचेचा कारखाना तं आमच्याकडं कोनी पाह्यला बी नाई. खान घराच्या मांगं हाये, पन खानीचं नाव त्याच्यात नाई. मी तरी धुळीच्या कामावर 'हो' लिवतो. पन जे कामाले जात नाई, घरीच धूळ खातेत, त्या बायायचं काय लिवू? त्यायले 'नाई' लिवा लागते. म्हातारी अंगनात बसून दिवसभर खोकलते आन् माह्या फॉर्मात ते 'नाई'.

फॉर्म वर जाते. वरून परत काई येत नाई. आमाले इचारतेत, किती फॉर्म भरले. त्याच्यात काय निंगालं, हे कोनी इचारत नाई.

सलाईन

ताई, तुम्ही एका परिच्छेदात जे सांगितलंत ते मला वर्षभरात दिसलं नाही. तो फॉर्म मीही पाहिलाय, पूर्ण कधी वाचला नव्हता.

मरुधर_मराठी

जोधपूरला नोकरीनिमित्त बारा वर्षं आहे. इकडे वाळूच्या दगडाच्या खाणी, सिलिकोसिस शब्द पानवाल्यालाही माहीत. लोकांनी, संघटनांनी खूप वर्षं भांडून २०१९ मध्ये राज्याकडून धोरण काढून घेतलं. आजारी माणूस स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो, ई-मित्र या सरकारी सेवा केंद्रावरून. छातीचा फोटो काढून डॉक्टरांच्या मंडळाकडे जातो, प्रमाणपत्र मिळालं तर तीन लाख रुपये, मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख, शिवाय महिन्याची पेन्शन. मालक कोण होता, किती दिवस काम केलं, हे कामगाराने सिद्ध करत बसायचं नाही. खाणीतल्यांसाठी पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून येतो.

सगळं गोड आहे असं नाही. बोगस प्रमाणपत्रांच्या तक्रारी झाल्या, खरे लोक रांगेत राहिले. पण आजाराला नाव आहे आणि नावापुढे रक्कम आहे, त्यामुळे डॉक्टरही 'काम काय' हे आधी विचारतात. पैशाने प्रश्न विचारायची सवय लावली म्हणा.

हिशेबनीस

मरुधर, खनिज प्रतिष्ठानाचं बरं काढलंत. तेच लिहिणार होतो. २०१५ मध्ये खाण कायदा बदलून प्रत्येक खाणजिल्ह्यात हे प्रतिष्ठान आलं. खाणमालक सरकारला जी रॉयल्टी देतो तिच्या वर, खाणींच्या जुन्या भाडेपट्ट्यांसाठी ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या नव्यांसाठी १० टक्के रक्कम यात जमा होते. पैसा खाणबाधित गावांसाठीच. त्यातला किमान ६० टक्के भाग पिण्याचं पाणी, प्रदूषण, आरोग्य, शिक्षण अशा गोष्टींवर खर्चायचा, असं तेव्हा ठरलं होतं. चंद्रपूरसारख्या जिल्ह्यात ही रक्कम बारकी नसते.

पळसफूल

आमच्या तालुक्यात (दुसरा जिल्हा, पण खाणपट्टाच) त्या पैशातून समाजमंदिराला टाइल्स लागल्या. 'आरोग्य' या सदराखाली एक व्यायामशाळा. उपकेंद्राला नर्स नाही, पण गावात डंबेल्स आहेत. फोटो टाकला असता, पण ओळख पटेल.

उगाचच

डंबेल्स :)))

बरं, गंभीरपणे. समजा पैसा मिळाला, एक्स-रेची गाडी आली. चालवणार कोण, फोटो वाचणार कोण? मशीनवर कापड घालायची सवय जुनीच आहे.

सलाईन

चांगला प्रश्न. गाडीची गरजच नाही. हातात धरायचं एक्स-रे मशीन आलंय. डिसेंबर २०२४ च्या शंभर दिवसांच्या टीबी मोहिमेत तशी मशीनं गावोगाव नेली, फोटो संगणक वाचतो. अडचण पुढची आहे. ते यंत्र टीबी शोधायला नेलेलं. 'टीबी नाही' असं उत्तर आलं की पेशंट घरी. मग डाग कसले, हे विचारायची पायरीच नाही. त्याच फोटोंच्या गठ्ठ्यातून टीबी नसलेले पण डाग असलेले वेगळे काढून जिल्ह्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवले तरी पुष्कळ होईल. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, म्हणजे नागपूर गाठायचीही गरज नाही.

आणि सुरुवातीला एक्स-रेसुद्धा नको. पीक फ्लो मीटर म्हणून प्लास्टिकची नळी मिळते, काही शे रुपयांत. जोरात फुंकायचं, काटा सरकतो. निदान होत नाही त्याने, पण कोणाला पुढे पाठवायचं ते कळतं. साखरेचं मशीन आशाताईंच्या हातात आलं तशी ही नळी का नाही आली, कोण जाणे. गडचिरोलीत बंग डॉक्टर दांपत्याच्या 'सर्च'ने गावातल्या बायांना नवजात बाळांचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, औषध द्यायला शिकवलं, आणि नंतर घरी जाऊन बाळ बघायचं काम देशभरच्या आशांकडे आलं. बाळाचा श्वास मोजता येतो तर म्हाताऱ्याची फुंकर का नाही?

काळी_कपाशी

सर्वांचे आभार. दोन आठवड्यांनी येतोय, कापूस वेचणी होती.

जुनी_शिफ्ट काका, बिल्ला नाही सापडला. पण आईच्या ट्रंकेत ठेकेदाराची उचल दिल्याची वही निघाली. तारखा आणि बाबांचे अंगठे. बाबांना सही येते, तरी तिथे अंगठाच घेतलाय. ओळीने फोटो काढून ठेवलेत.

ग्रामसभा झाली. ठराव मांडला : खनिज प्रतिष्ठानाच्या पैशातून ग्रामीण रुग्णालयात पूर्णवेळ एक्स-रे तंत्रज्ञ, आणि वर्षातून एकदा गावात छातीची तपासणी. एकाने लगेच विचारलं, खाणीत पोरं कामाला आहेत, त्यांचं काम गेलं तर? त्याचा स्वतःचा मुलगा डम्परवर आहे. त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. ठराव झाला, पण 'खाणीमुळे' हा शब्द काढून 'धुळीमुळे' घातला तेव्हा.

नळी मागवली. बाबांनी तीनदा फुंकली, सगळ्यात जास्त १७०. सलाईन डॉक्टरांनी निरोपात सांगितलं की त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाचं चारशेच्या आसपास असायला हवं. बाबांनी नळी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, तुझ्या आईला दे. आईने नको नको म्हणत फुंकली. २१०. आई घाबरली नाही, उलट बाबांपेक्षा जास्त आलं म्हणून पदराआड हसली.

सलाईन, बाईमाणसाचं किती असायला हवं? वय ५८, उंची पाच फुटाला जरा कमी.

सलाईन

तीनशेच्या जवळपास तरी हवं. त्यांना घेऊन जा. चूल सकाळ-संध्याकाळ किती तास, हेही लिहून न्या. आणि या वेळी डॉक्टरांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.

आशा_लाल_साडी

मी बी वही केली. दोनशे पानी. नाव, वय, खोकला किती दिसाचा, काम काय केलं, चूल का ग्यास. नळी नाई अजून, काळी_कपाशी भाऊ देतो म्हनाले. सरकारी फॉर्माले हात लावता येत नाई, म्हनून वेगळी. घरं फिराच लागतेत, तवाच इचारून घेतो.

डाक्टरसाहेब, एक रकाना कमी पडत होता. घर खानीपासून किती दूर. मी पट्टीनं आखून घेतला. पन मीटर कसं मोजू? पावलं टाकून चालते का?

जुनी_शिफ्ट

चालते ताई. आमचा सर्व्हेयर पण पहिले पावलंच टाकायचा. तुमचं एक पाऊल किती फुटाचं ते एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.